रविवारचा नसलेला तास

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दोन कडुनिंब आहेत. फाल्गुन लागला की आठ-दहा दिवसांत ते अंगावरची सगळी पानं टाकून देतात. गाड्यांच्या काचांवर, जिन्यात, वाळत घातलेल्या कपड्यांच्या घडीत, सगळीकडे ती पिवळी वाकडी पानं सापडतात. आमच्या चेअरमननी फलकावर लिहून ठेवलंय, ‘पानगळीच्या तक्रारी कार्यालयात आणू नयेत. झाडांना कल्पना दिलेली आहे.’ मग एके सकाळी बाल्कनीत यावं तर झाडांवर तांबूस पालवी दिसते, आणि त्यानंतर काही दिवसांनी तो बारीक फुलांचा कडसर गोड वास सुरू होतो. तो वास आला की मी चहाचा कप हातात घेऊन नुसती उभी राहते. चहा गार होतो. घरातले आता काही विचारत नाहीत.

पाच वर्षांपूर्वी याच वासाच्या दिवसांत मला टीम लीड केलं.

मी प्रोग्रॅम लिहिते. आमचं काम तसं स्वप्नातच शोभावं असं आहे. इथून हजारो मैलांवर, थंड देशातल्या एका शहरात ज्या बस धावतात, त्या कोणत्या थांब्यावर किती वाजता येतील हे खराडीतल्या एका सातव्या मजल्यावर बसून आम्ही ठरवतो. ठरवतो म्हणजे आमचा प्रोग्रॅम हिशोब मांडतो आणि त्या थांब्यांवरच्या पाट्यांवर मिनिटं उमटतात. आमच्यापैकी कुणीही ते शहर पाहिलेलं नव्हतं. पण भिंतीवर त्याचा मोठा नकाशा होता आणि त्यातले थांबे आम्हाला स्वारगेट-डेक्कनइतके पाठ होते. नदीला वळसा घालून जाणारी सव्वीस नंबरची बस मला विशेष आवडायची. दुपारी जेवून आल्यावर, बाहेर पुण्याचं ऊन पांढरंफटक पडलेलं असताना, मी त्या बसमध्ये मनानं बसायचे. काचेवर बर्फाचा चुरा, कोपऱ्यावर एक बेकरी, मागच्या बाकावर लोकरीची टोपी घातलेल्या दोन म्हाताऱ्या. म्हाताऱ्या अर्थात माझ्या कल्पनेतल्या होत्या. बस मात्र खरी होती.

मला लीड केलं याचं कारण एकच, माझ्यासारखा कोड त्या मजल्यावर कुणी लिहीत नसे. हे मी सांगायला नको, पण सांगते. उत्तम स्वयंपाक करणाऱ्या बाईला एके दिवशी सांगावं की उद्यापासून तुम्ही फक्त पंगतीकडे लक्ष द्यायचं, तसं ते होतं. माझ्या हाताखाली सहा जण आले. सहाही जणांचा स्वयंपाक मला अळणी लागू लागला.

मग मी एक पद्धत काढली. ऑफिस दहाला भरायचं, मी साडेसातला यायचे. आदल्या दिवशी सहा जणांनी जे लिहिलेलं असे ते उघडायचं, आणि जिथे बोजड वाटेल तिथे खोडून आपल्या हातानं पुन्हा लिहायचं. कुणाला बोलायचं नाही, रागवायचं नाही, चारचौघांत चूक दाखवायची नाही. दहाला मंडळी येत तेव्हा सगळं स्वच्छ झालेलं असे. ती सकाळची वेळ मला फार प्रिय होती. मजल्यावर एसीची घरघर सुद्धा सुरू झालेली नसायची. खाली कंपाउंडलगतच्या काटेसावरीची लाल फुलं फुटपाथवर पडल्याचा धप्प आवाज, उघड्या खिडकीतून, सातव्या मजल्यापर्यंत येतो असं मला वाटे. येत नसणार. पण मी तेव्हा स्वतःवर इतकी खूश होते की मला काहीही ऐकू आलं असतं. आपण किती समजूतदार लीड आहोत, या विचारानं माझे डोळे कधीकधी भरून येत.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता त्या सहा जणांत सुजाता आली. ती खडकीहून यायची. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण मुलांसाठी सात वर्षं घरी राहून पुन्हा कामाला लागलेली, म्हणून टीममध्ये सगळ्यात नवी. पहिल्या दिवशी ती मला ‘मॅडम’ म्हणाली. आमचा रोहन हसला. तो सगळ्यांत लहान, त्याच्या मते जगात कुणीच मॅडम नसतं. दुसऱ्या दिवसापासून सुजाता मला रेवती म्हणू लागली, पण ‘तुम्ही’ सोडलं नाही. मी तिला ‘तू’ म्हणायचे. हे उलटं आहे हे दोघींनाही कळत होतं.

सुजाता सावकाश होती. रोहन ज्या कामाला एक दिवस लावी त्याला ती तीन लावायची. समोर कागद, कागदावर पेन्सिलीनं बसच्या वेळांचे रकाने. कॉम्प्युटर असताना पेन्सिल, हे मला बघवत नसे. तिची सहा महिन्यांची उमेदवारी मार्चअखेर संपत होती आणि तिला कायम करायचं की नाही यावर माझा अभिप्राय जायचा होता. आमचे मॅनेजर साठे यांनी एकदा येता-जाता विचारलं, “त्या खडकीच्या बाई कशा आहेत?” मी म्हणाले, “चांगल्या आहेत, पण त्यांचं काम दरवेळी दुरुस्त करावं लागतं.” साठे म्हणाले, “मग चांगल्या कशा?” आणि निघून गेले. मला वाईट वाटलं, पण मी खोटं काही बोलले नव्हते. दुरुस्त मी रोजच करत होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, आम्ही दोघीच कॅन्टीनच्या गच्चीवर बसलो होतो. सुजातानं डबा उघडला आणि न जेवता म्हणाली, “रेवती, एक विचारू? राग येणार नाही ना?”

“विचार की.”

“परवा बाबांनी विचारलं, तुम्ही ते बसचं करता, त्यात तुझं नेमकं काय आहे? दाखव म्हणाले. मी लॅपटॉप उघडला आणि शोधायला बसले. पाच महिन्यांचं सगळं शोधलं.” तिनं मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. “माझी एक ओळ नाहीये त्यात.”

आमच्या कामात कोणती ओळ शेवटी कुणी लिहिली हे समासात नावानिशी दिसतं. तिनं मोबाईलवर फोटो काढून आणला होता. वरपासून खालपर्यंत समासात एकच नाव, रेवती, रेवती, रेवती. पूर्वी हट्टी मुलांना एकच वाक्य शंभरदा लिहायला लावत, ती वही मला आठवली.

“अगं, मी तुम्हा सगळ्यांचाच वेळ वाचवते,” मी म्हणाले.

“वाचतो खरा,” ती म्हणाली. “बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. तिथे प्रत्येक पेटीवर तपासणाऱ्याचा नंबर पडायचा. माल खराब निघाला की त्या नंबरच्या माणसाला बोलावणं. बाबांना तीस वर्षांत दोनदा बोलावणं आलं. ते अजून सांगतात, त्या दोन वेळांना मी जे शिकलो ते बाकीच्या वर्षांत शिकलो नाही.” मग तिनं भाजीचा डबा माझ्यापुढे सरकवला. “मला तर तुम्ही एकदाही बोलावलं नाहीत. मग या महिनाअखेरीला माझं काय तपासणार?”

भाजी मेथीची होती. मी ती खाल्ली, छान झालीये म्हणाले, आणि जागेवर येऊन दुपारभर तिच्यावर मनातल्या मनात चिडले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

त्या रविवारी मी एकटीच स्कूटर काढून खडकवासल्याला गेले. धरणाच्या मागच्या बाजूला पाणी उतरलं होतं आणि ओल्या काठाला बगळे उभे होते. कणसं भाजण्याचा धूर, दूरवर कुणाच्या तरी रेडिओचा आवाज, आणि पाण्यावर इतका सैल प्रकाश की बघता बघता डोळा लागावा. तिथे मला एकदम माझा धाकटा भाऊ आठवला. शाळेत त्याचे भूगोलाचे नकाशे मी भरून द्यायचे. तो भरायचा, पण नद्या कुठल्या कुठे नेऊन सोडायचा. मला ते सहन व्हायचं नाही. मी खोडरबर घेऊन बसायचे. त्याच्या वहीला वर्गात कायम शाबासकी. दहावीच्या परीक्षेत, असाच मार्च होता, कोरा नकाशा समोर आला आणि त्यानं कोयना खानदेशात काढली. अजूनही लग्नाकार्यात तो पाहुण्यांना माझी ओळख करून देतो, “ही माझी ताई. माझा भूगोल हिनं बुडवला.” सगळे हसतात, मीही हसते. त्या दिवशी पाण्याकाठी मला हसू आलं नाही. त्याचा चेहरा आठवला, पेपर देऊन फाटकाबाहेर आला तेव्हाचा. तो माझ्यावर चिडला नव्हता. त्याला नुसतं कळत नव्हतं की घरी येणारा नकाशा तिथे का आला नाही.

सोमवारी मी साडेसातलाच पोचले, सवयीनं. खुर्चीत बसले आणि काही उघडलं नाही. हात शिवशिवणं म्हणजे काय हे मला त्या आठवड्यात कळलं. मी खाली उतरून काटेसावरीखाली फेऱ्या मारल्या. पडलेली फुलं उचलून बाकावर ओळीनं मांडली. वॉचमनकाका म्हणाले, “मॅडम, आज काम नाय का?” मी म्हणाले, “आहे. पण ते माझं नाहीये.” त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी मान हलवली.

दहाला सुजाता आली. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तिला विचारलं, “फेब्रुवारीत तू जे लिहिलं होतंस, ते तसं का लिहिलं होतंस?”

ते होतं घड्याळ बदलण्याच्या रविवारचं काम. त्या देशात मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजले की घड्याळं एकदम तीनवर नेतात. मधला तास नसतोच. आम्हा पुणेकरांना याची फार मौज वाटते. आमच्याकडे दुपारी एक ते चार बंद असतं, पण ते तास असतात तरी. मी कितीदा मनात त्या तासाचा विचार करत बसले आहे. त्या तासात कुणाचा जन्म होत नाही, कुणी कुणाला उशीर झाला म्हणत नाही, आणि सव्वीस नंबरची बस नदीच्या वळणावर कुठे असते हे कुणालाच सांगता येत नाही. माझ्या मते सगळ्या बस आमच्या जुन्या नियमात बसत होत्या. पण सुजातानं त्यात चाळीसेक ओळींचं एक जास्तीचं प्रकरण घातलं होतं, घड्याळाकडे न बघता निघाल्यापासूनची मिनिटं मोजणारं. मला ते निरर्थक वाटलं होतं. पहाटे दोनला कोण बस चालवतं? मी ते एका सकाळी काढून टाकलं होतं.

“शनिवारी चालवतात,” सुजाता म्हणाली. तिनं पेन्सिलीचे कागद काढले. “फक्त शनिवारी रात्री. अशा नऊ बस आहेत. आठ दोनच्या आधी निघतात, दोननंतर पोचतात; नववी, सव्वीस नंबर, तर त्या नसलेल्या तासातच सुटते. आपल्या प्रोग्रॅमला वाटेल त्यांना एक तास उशीर झाला. पाट्यांवर तसंच येईल.”

“तुला कसं कळलं?”

“सगळं वेळापत्रक वाचलं. म्हणून तर तीन दिवस लागले.”

मी ते तीन दिवस सावकाशपणात जमा केले होते. मला तिथे इतकी लाज वाटली की कान गरम झाले. ‘मला माहीत नव्हतं’ एवढंच म्हणायचं होतं, पण तोंडातून ‘बरं, परत घाल’ असं कोरडं काहीतरी निघालं. माफी मी संध्याकाळी मागितली, लिफ्टची वाट बघताना. ती म्हणाली, “असू दे हो,” आणि लिफ्ट आली.

साठ्यांना मात्र मी सरळ सांगितलं. चूक माझी होती, आणि बदलाच्या रविवारी सूत्रं सुजाताच्या हातात असतील. साठ्यांनी चष्मा काढला. “तुम्ही उत्तम कोड लिहिता म्हणून तुम्हाला लीड केलं. आता तुम्ही लिहिणार नाही म्हणता. मग तुमचा उपयोग काय, हे एकदा मला लिहून द्या.” ते पुढे म्हणाले, “हे बघा, काही बिघडलं तर त्या बाईंना कायम करणं माझ्या हातात राहणार नाही. आणि तुमच्याबद्दलही वर विचारतील. तुम्ही स्वतः बसलात तर दोघीही वाचाल.”

ते चुकीचं बोलत नव्हते. दोन दिवस मी विचार करत राहिले. मी स्वतः बसले असते तर सुजाता राहिली असती, पण माझ्या सावलीत, आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तोच प्रश्न आला असता. मी निर्णय बदलला नाही. धीर होता असं नाही; भीती होतीच, फक्त या खेपेला काही बिघडण्यापेक्षा मीच पुन्हा सगळं करून टाकण्याची जास्त वाटली.

त्या रविवारी आम्ही तिघं सहालाच ऑफिसात होतो, मी, सुजाता आणि रोहन. त्यांचे दोन म्हणजे आपले साडेसहा. पूर्वेला मुंढव्याच्या बाजूनं उजाडत होतं आणि कुठूनतरी कोकीळ एकच सूर पुन्हा पुन्हा वर चढवत होता. मोठ्या पडद्यावर त्या झोपलेल्या शहराचा नकाशा, त्यावर हळूहळू सरकणारे हिरवे ठिपके. रोहननं थर्मासमधून चहा ओतला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात एक एकोणसाठ झाले, आणि मग तीन. एवढंच. काही वाजलं नाही, काही हललं नाही. आठ ठिपके आपल्या वाटेनं चालत राहिले. मला वाटलं, त्यांच्या खालून एक तास वाहून गेला आणि त्यांना कळलंही नाही.

नववा ठिपका करडा झाला होता, म्हणजे प्रोग्रॅमच्या हिशोबातून सुटला होता. “सव्वीस नंबर गेली,” रोहन म्हणाला.

ती बस खरं तर दोन दहाला सुटणारी. त्या दिवशी दोन दहा नव्हतेच, म्हणून आम्ही ती तीन दहाची धरली होती. पण पडद्यावर ती डेपोबाहेर, नदीच्या वळणाशी दिसत होती. पाट्यांवर मात्र ती अजून सुटायचीच होती. म्हणजे त्या थंडीत थांब्यावर कुणी उभं असेल तर त्याला पाटी सांगत होती की बसला वेळ आहे, आणि बस दारात येऊन निघून जाणार होती.

सुजाता पडद्याकडे बघत बसली. एक मिनिट, दोन मिनिटं. “रेवती,” रोहन हळूच म्हणाला, “तू घे ना सिरियसली, पाच मिनिटांत होईल तुझ्याकडून.” माझ्या डोक्यात तोवर तीन उपाय तयार होते. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसले, लहान मुलांना बसवतात तशी. “नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

सुजातानं मान वळवली. “ही बस खरंच धावतेय, की यंत्र चुकीचं सांगतंय?”

लीड झाल्यापासून मी कुणाला न दिलेलं उत्तर तिला दिलं. “मला माहीत नाही.”

“मग ज्याला माहीत आहे त्याला विचारू,” ती म्हणाली, आणि तिनं फोन उचलून त्या शहरातल्या डेपोचा नंबर फिरवला. माझ्या तीन उपायांत हा नव्हता. त्या डेपोत माणसं असतात हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या म्हाताऱ्या होत्या, बेकरी होती, पण फोन उचलणारं कुणी नव्हतं. पलीकडचा माणूस वयस्कर वाटत होता. सुजाता आपल्या साध्या इंग्रजीत, न घाबरता, एकेक वाक्य बोलत होती. “यू सेंट इट अर्ली? एव्हरी इयर?” मग ती हसली. कागदावर काहीतरी लिहून घेतलं. थँक्यू म्हणाली, फोन ठेवला.

“ते दरवर्षी ही बस वीस मिनिटं आधी सोडतात,” ती म्हणाली. “नदीपलीकडे हॉस्पिटल आहे. त्या रात्री तिथल्या नर्सेसची पाळी घड्याळ बदलायच्या आतच संपवतात, त्या बाहेर उभ्या असतात. घड्याळाच्या नादात त्यांना थंडीत ताटकळत ठेवायचं नाही म्हणून. कागदावर कुठे नाहीये, ड्रायव्हरांनी आपसात ठरवलंय.”

तिनं ती एक फेरी हातानं जोडली. तिला आणखी पाच मिनिटं लागली, मला दीड लागलं असतं, आणि मी माझ्या पद्धतीनं गेले असते तर चुकीचं दुरुस्त करून बसले असते. करडा ठिपका हिरवा झाला. शेवटच्या पाच थांब्यांच्या पाट्या बरोबर झाल्या. आधीच्या तीन थांब्यांवर कुणी होतं की नाही हे आम्हाला कधी कळलं नाही. रोहन म्हणाला, “भारी.” सुजातानं समासात स्वतःचं नाव उमटलेलं पाहिलं, आणि मोबाईलनं त्याचा फोटो काढला. मी खिडकीशी गेले, कारण मला रडू येत होतं आणि रविवारी सकाळी ऑफिसात रडणं बरं दिसत नाही.

अभिप्राय मी त्याच दिवशी लिहिला. मी काढून टाकलेल्या चाळीस ओळी, त्या का हव्या होत्या, आणि फोन. साठ्यांनी वाचून एवढंच विचारलं, “आणि तुम्ही काय केलंत?” मी म्हणाले, “बसले होते.” ते म्हणाले, “अवघड असतं ते,” आणि सही केली. माझ्या उपयोगाचं मी त्यांना अजून लिहून दिलेलं नाही.

त्यानंतरचे मार्च एकातून दुसरा निघावा तसे गेले. सकाळी साडेसातला मी आता ऑफिसात नसते. माझा कोड थोडा गंजला आहे. रोहन कधीकधी तो तपासतो आणि दयाळू शेरे मारतो. सुजाताची आता स्वतःची टीम आहे, आणि घड्याळाचा रविवार तिच्याकडे असतो. तरी गेली तीन वर्षं कुणीतरी आदल्या दिवशी फोन करायचंच, रेवती, तू जागी असशील ना? आणि मी सहाला उठून बाल्कनीत बसून राहायचे, काही लागलं तर असावं म्हणून.

यंदा फोन आला नाही. मी जागी झाले तेव्हा पडद्याच्या फटीतून ऊन पार पलंगावर आलं होतं. आठ वाजून गेले होते. मी धडपडून मोबाईल उचलला; एकही निरोप नव्हता. टीमच्या ग्रुपवर सुजातानं सातला टाकलेली एक ओळ होती, सगळ्या बस वेळेवर, आणि खाली तिच्या टीममधल्या, मला नावानं जेमतेम ठाऊक असलेल्या मुलीचं नाव. हे हिनं केलं, असं लिहिलं होतं. मला फार बरं वाटलं, आणि मी निरोपांची यादी पुन्हा एकदा वरखाली करून पाहिली. कुणालाही माझी आठवण झाली नव्हती. हे मलाच हवं होतं, यासाठीच तर चार वर्षं हात आवरले होते. तरी ते इतकं दुखेल असं वाटलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून नवऱ्यानं विचारलं, “अगं, आज तुमचं ते घड्याळाचं काम असतं ना? सुरू नाही झालं?”

“झालं,” मी म्हणाले. “संपलंसुद्धा.” आणि कूस बदलून पुन्हा झोपले.